डब्यांतील बटाटा : एक पाठ आणि त्याचा हिशेब

दुष्काळनिवारणाच्या कामास ज्या व्यापारी, बागाइतदार व इतर उदार गृहस्थांनीं साह्य केलें, त्यांजपुढें जमाखर्च मांडतांना त्याच्या जोडीस एक लहानसा पाठ द्यावा असें योजिलें आहे. टंचाईच्या वर्षीं देणग्यांबरोबर सूचनाही पुष्कळ येतात, व त्यांत एक सूचना वारंवार आढळते : गरीब कुटुंबांस तेलाचे रिकामे डबे, जुनीं पोतीं आणि बटाट्याचें बियाणें वांटावें, म्हणजे ज्यास वीतभरही जमीन नाहीं तोसुद्धां आपल्या दारांत अन्न पिकवूं शकेल. सूचना सुंदर आहे. परंतु सुंदर सूचनेचीही उलटतपासणी करावी लागते, ही संवय प्रस्तुत लेखकास वकिलीच्या धंद्यानें लावली आहे. म्हणून दोन वर्षें स्वतःच्या गच्चीवर डबे लावून, व ह्या विषयाचें जें ज्ञान आज उपलब्ध आहे त्याशीं आपला अनुभव ताडून पाहून, पुढील निवेदन केलें आहे. पहिल्यानें कृति, मग हिशेब, आणि शेवटीं विनंति, असा क्रम ठेविला आहे.

१. बटाटा म्हणजे काय

बटाटा हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेंत आला, आणि ती वनस्पति दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या थंड पठारांवरून आली. शब्द आपल्या हवेंत मुरला. वनस्पतीनें मात्र माहेरची थंडीची आवड सोडली नाहीं, हें आरंभींच लक्षांत ठेवावें.

ज्यास आपण कंद म्हणतों तें मूळ नसून जमिनीखालीं फुगलेलें खोड आहे. त्यावरील डोळे म्हणजे त्या खोडावरच्या कळ्या होत. पानें सूर्यप्रकाशांत जें अन्न तयार करतात, तें जमिनीखालच्या बारीक पांढऱ्या फांद्यांच्या टोकांशीं पिष्टाच्या रूपानें सांठतें, आणि तोच बटाटा. ह्यावरून दोन नियम निघतात. पहिला, पानांस ऊन पाहिजे. दिवसांतून सहा तास तरी ऊन मिळणार नाहीं अशा जागीं डबा ठेवूं नये. दुसरा, कंदास अंधार पाहिजे. उजेड लागलेला कंद हिरवा पडतो व त्यांत सोलॅनिन नांवाचें विषारी द्रव्य वाढतें. तें उकळल्यानें जात नाहीं. हिरवा किंवा कडवट लागणारा बटाटा टाकून द्यावा. भुकेच्या दिवसांतही तो मुलांस देऊं नये.

२. ऋतु

मातीचें उष्णमान १५ ते २० अंश सेल्सिअस असेल तर बटाटा उत्तम धरतो. रात्री ऊबदार होऊं लागल्या कीं कंद धरण्याचें काम मंदावतें, आणि माती ३० अंशांजवळ पोंचली कीं तें जवळजवळ थांबतें. झाड मरत नाहीं. तें पाल्यानें फोफावतें आणि मालकाची फसवणूक करतें. प्रस्तुत लेखकानें दुसऱ्या वर्षीं उत्साहाच्या भरांत फेब्रुवारीअखेर चार डबे लावले. झाडें पाहून शेजाऱ्यांनीं अभिनंदन केलें. मे महिन्यांत डबे पालथे केले तेव्हां चारांत मिळून सुपारीएवढे पांच बटाटे निघाले.

देशावर डब्यांतील लागवडीचा खरा काळ म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. काढणी जानेवारी-फेब्रुवारींत होते. पुणें जिल्ह्यांतील खेड-आंबेगांव भागांत खरिपाचा बटाटाही होतो, परंतु तो तेथील निचऱ्याच्या जमिनीच्या व पावसाळी थंड हवेच्या बळावर; गच्चीवरील डब्यास तो दाखला लागू पडत नाहीं. कोंकणपट्टींत थंडीचे दिवस आणखी थोडे, म्हणून तेथें अपेक्षाही थोडीच ठेवावी.

ही कलमें दात्यांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावीं. आपल्याकडे टंचाईचा खरा चिमटा बसतो तो चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत. त्या वेळीं बटाटा लावून उपयोग नाहीं. उन्हाळ्यांत गोळा झालेल्या वर्गणीचे डबे उन्हाळ्यांतच वांटले, तर ती देणगी पाल्यावारीं जाईल. परतीचा पाऊस चुकला म्हणजे आश्विनांतच पुढील वर्षाची चाहूल लागते. ह्या कामाची वेळ ती.

३. बियाणें

बटाट्याचें बीं म्हणजे बटाटाच. ह्यांत सोय आहे आणि संकटही आहे. कारण जें पेरावयाचें तेंच खातां येतें. त्याविषयीं पुढें सांगूं.

बियाण्याकरितां प्रमाणित बटाटा घ्यावा. बाजारांतील खाण्याचा बटाटा पुष्कळदां शीतगृहांतून येतो व त्यास कोंब येऊं नयेत म्हणून औषध दिलेलें असतें. तसला बटाटा लावून महिनाभर वाट पाहणारे गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे आहेत. शिवाय कंदांतून रोग व कीड पसरते. बटाट्यावरील जो पतंग आज देशावरील बागाइतदारांस त्रास देतो, तो १९०६ च्या सुमारास इटलीहून मागविलेल्या बियाण्याबरोबर मुंबई इलाख्यांत शिरला. स्वस्त बियाणें किती महाग पडतें, ह्याचा तो शंभर वर्षांहून जुना दाखला आहे.

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ सालीं पाटण्यास स्थापन झाली व १९५६ सालीं सिमल्यास गेली. तिनें काढलेल्या वाणांच्या नांवांआधीं सिमल्याजवळील कुफ्री ह्या गांवाचें नांव असतें. कुफ्री चंद्रमुखी व कुफ्री पुखराज हे लवकर येणारे वाण आहेत. कुफ्री लवकर हा दख्खनच्या पठारास मानवणारा आहे. कुफ्री सूर्या इतरांपेक्षां उष्णता अधिक सोसतो. डब्याकरितां लवकर येणारा वाण बरा, कारण थंडी आपली वाट पाहत बसत नाहीं.

लागवडीपूर्वीं दोन-तीन आठवडे बियाणें हवेशीर व मंद उजेडाच्या जागीं पसरून ठेवावें, म्हणजे आंखूड, जाड, जोमदार कोंब येतात. अंधारांत आलेले लांब पांढरे कोंब ठिसूळ असतात. ४० ते ५० ग्रॅमचा कंद अखंड लावावा. मोठा असल्यास प्रत्येक तुकड्यास दोन तरी डोळे राहतील असा, स्वच्छ सुरीनें कापावा, आणि कापलेली बाजू सुकून धरेपर्यंत एक-दोन दिवस सावलींत ठेवावा. ओला काप मातींत घातला कीं कुजतो.

४. भांडें व माती

पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा, जुनी बादली किंवा गोणपाटाचें पोतें, कांहींही चालतें. खोली एक फूट तरी असावी. रंगाचे, औषधांचे किंवा खताचे डबे घेऊं नयेत. बुडाला बोटभर जाडीचीं सहा-आठ भोकें पाडावीं, व डबा विटांवर ठेवावा, म्हणजे भोकें बुजत नाहींत. पत्रा दुपारीं तापतो, म्हणून बाहेरून ओलें गोणपाट गुंडाळावें किंवा डबे एकमेकांस चिकटून मांडावे.

नुसती काळी रेगड माती डब्यांत घालूं नये. ती ओली असतां चिकट व वाळली कीं भेगाळलेली असते. तांबूस पोयटा माती दोन भाग, चांगलें कुजलेलें शेणखत दोन भाग, आणि जाड वाळू एक भाग असें मिश्रण उत्तम. ताजें शेण घातल्यास कंदाच्या सालीवर खवडे पडतात; राखही बेतानेंच घालावी.

५. लागवड व जोपासना

डब्याच्या तळाशीं चार-पांच बोटें मिश्रण घालून त्यावर दोन तुकडे, डोळे वर करून, हातभर नव्हे पण वीतभर अंतरानें ठेवावे, आणि वर चार बोटें मिश्रण टाकावें. रोपें वीतभर झालीं कीं शेंडे मोकळे ठेवून बाकीचा भाग मिश्रणानें झांकावा. डबा कांठापासून दोन बोटें रिकामा राहीपर्यंत हें दोन-तीनदां करावें. ह्यास भर देणें म्हणतात. भर दिल्यानें कंदास उजेड लागत नाहीं, व उघड्या कंदावर अंडीं घालणाऱ्या वर सांगितलेल्या पतंगापासूनही बचाव होतो.

येथें एका प्रचलित समजुतीची दखल घेणें भाग आहे. उंच पिंपांत जसजशी भर द्यावी तसतसे थरावर थर बटाटे लागतात, व एका पिंपांतून मणभर माल निघतो, असें सांगणारे भेटतात. लवकर येणाऱ्या वाणांत कंद लागतात ते लावलेल्या तुकड्याच्या वरच्या थोड्याशा भागांतच. त्यावर कितीही माती चढविली तरी नवे थर लागत नाहींत. पिंप उंच केल्यानें माती अधिक लागते, एवढेंच.

पाणी नियमित पाहिजे. बोट मातींत दोन पेरें घालून पाहावें. कोरडें लागल्यास भोकांतून थेंब पडेपर्यंत द्यावें. एक दिवस पूर व चार दिवस दुष्काळ असें झाल्यास कंद तडकतात. डाळ-तांदूळ व भाजी धुतलेलें पाणी निर्धास्त वापरावें. टंचाईच्या गांवीं हीच ह्या पिकाची मोठी सोय आहे, कारण त्यास हंड्यांतलें पिण्याचें पाणी द्यावें लागत नाहीं. साबणचुऱ्याचें पाणी मात्र घालूं नये. पाणी बुडाशीं द्यावें, पानांवर शिंपडूं नये. ओल्या पानांवर करपा लवकर पडतो. करपलेलीं पानें दिसतांच तोडून दूर नेऊन जाळावीं.

सुमारें ७५ ते ९० दिवसांत पाला पिवळा पडूं लागतो. तेव्हां पाणी तोडावें, आठ-दहा दिवस थांबावें, मग डबा पालथा करावा. बटाटे न धुतां सावलींत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागीं ठेवावे. मधूनमधून निंबाचा किंवा घाणेरीचा वाळलेला पाला घालण्याची रीत चांगली आहे. त्यानें पतंग दूर राहतो.

६. हिशेब

पहिल्या हिवाळ्यांत प्रस्तुत लेखकानें सहा डबे लावले. बियाणें सुमारें अर्धा किलो लागलें. एका डब्याचीं भोकें बुजून बियाणें कुजलें. उरलेल्या पांचांतून एकूण ४ किलो २०० ग्रॅम बटाटे निघाले. उत्तम डब्यांत एक किलोहून थोडे अधिक, कनिष्ठांत अर्धा किलो. निगा चांगली असल्यास अशा डब्यास अर्धा ते एक किलो, क्वचित् दीड किलो, हें प्रमाण धरून चालावें.

आतां धान्याशीं तुलना करूं. बटाट्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असतें. शंभर ग्रॅम बटाट्यापासून सुमारें ७५ कॅलरी उष्णता मिळते. शंभर ग्रॅम ज्वारीपासून सुमारें ३४०. म्हणजे गच्चीवरील ते सव्वाचार किलो बटाटे सुमारें नऊशें ग्रॅम ज्वारीच्या बरोबरीचे झाले. पांच माणसांच्या घरास तितकी ज्वारी एक दिवससुद्धां पुरत नाहीं. सबब, डब्यांतील बटाटा हा धान्याच्या मदतीस पर्याय आहे असें जो म्हणेल, त्याचा दावा खर्चासह काढून टाकण्यास हरकत नाहीं. बटाट्याचें बियाणें वांटलें म्हणून ज्वारीच्या वांटपांतून एक मापही कमी करूं नये.

परंतु येथेंच हिशेब बंद केला तर तोही अन्याय होईल. ज्वारी, बाजरी व सुकी डाळ ह्यांत 'क' जीवनसत्त्व नसल्यासारखेंच आहे. ताज्या बटाट्याच्या शंभर ग्रॅमांत तें १७ ते २० मिलिग्रॅम असतें. सालीसकट उकडल्यास त्यांतील बराच भाग टिकतो. हिरवी भाजी नाहीं, फळ नाहीं, नुसतें मदतीचें धान्य, अशा अन्नावर महिने गेले कीं हिरड्या सुजतात, रक्त येतें व जखमा भरत नाहींत. ह्या रोगास स्कर्व्ही म्हणतात. दोन मध्यम उकडलेले बटाटे रोज दिल्यास एका मुलाच्या त्या दिवसाच्या गरजेचा बराचसा भाग भागतो. त्या मापानें पाहिलें असतां, जे सव्वाचार किलो पांच माणसांचें पोट एक दिवस भरूं शकत नाहींत, ते एका मुलास तीन आठवडे पुरतात. डब्याचें मोल पोतें भरण्यांत नसून ह्या तीन आठवड्यांत आहे.

७. आयर्लंडचा दाखला

बटाटा व दुष्काळ ह्यांचें नांव एकत्र निघालें कीं आयर्लंडची आठवण होते. १८४५ च्या शरद् ऋतूंत तेथें करपा पडला. तेथील गरिबांचें जेवण एका बटाट्यावर, व तोही बहुतांशीं लंपर नांवाच्या एकाच वाणावर, अवलंबून होतें. १८४६ सालीं जवळजवळ सर्व पीक गेलें. मदत म्हणून मक्याचें पीठ आलें. पण त्यांत 'क' जीवनसत्त्व नव्हतें, आणि भुकेबरोबर स्कर्व्हीही दिसूं लागला. १८५२ पर्यंत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व दहा लक्षांहून अधिक देशोधडीस लागलीं.

ह्या कथेंतील एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाहीं, आणि ह्या पाठाचें सार तींत आहे. १८४७ सालीं करपा सौम्य होता. जें लावलें तें चांगलें आलें. तरी तें वर्ष सर्वांत काळें ठरलें. कारण लावलें होतेंच थोडें. १८४५ सालीं वीस लक्ष एकरांहून अधिक जमिनींत बटाटा होता. १८४७ सालीं तो तीन लक्ष एकरांहूनही कमी जमिनींत होता. मागच्या हिवाळ्यांत लोकांनीं बियाणें खाल्लें होतें. त्यांस दोष कोण देईल? घरांत मूल रडत असतां कोपऱ्यांतील टोपली पुढच्या वर्षाकरितां राखून ठेवणें माणसाच्या हातचें नाहीं. जें त्याच्या हातचें नाहीं, तें त्याच्याकरितां दुसऱ्यानें करावयाचें असतें.

आपल्या वाचकांस हें नवीन नाहीं. सवाईनें व दिढीनें बियाणें देण्याघेण्याचे व्यवहार ज्यांच्या वाडवडिलांच्या वह्यांत आहेत, त्यांस पेरणीच्या तोंडावर मूठभर बियांची किंमत काय होते हें वकिलानें सांगावयास नको.

८. देणाऱ्यांस विनंति

वरील सर्व विचारांतून तीन गोष्टी निघतात.

पहिली व्यापाऱ्यांकरितां. फेब्रुवारींत निघालेला बटाटा ऑक्टोबरपर्यंत, मधला उन्हाळा काढून, गरिबाच्या झोंपडींत टिकत नाहीं. झाडाच्या सावलींत पाल्याखालीं ढीग करून ठेवण्याची जी आरण लावण्याची रीत आहे, तीही कांहीं महिनेच साधते. बियाणें आठ महिने राखावयाचें तर २ ते ४ अंश उष्णमानाचें शीतगृह लागतें. ज्यांचीं शीतगृहें आहेत, किंवा ज्यांचा माल तेथें असतो, त्यांनीं प्रमाणित बियाण्याच्या कांहीं पोत्यांपुरती जागा विनामूल्य राखून ठेवावी, आणि सप्टेंबरअखेर तें बियाणें बाहेर काढून कोंब येण्यास वेळ द्यावा. ह्या कोपऱ्याची किंमत रोख वर्गणीहून कमी नाहीं. गरिबास जी टोपली राखतां येत नाहीं ती अशा रीतीनें राखली जाईल.

दुसरी बागाइतदारांकरितां. डबा कोठेंही मिळतो. चांगली माती व कुजलेलें शेणखत दुष्काळी गांवांत मिळत नाहीं, कारण गुरें छावणींत गेलेलीं असतात. ज्यांच्या मळ्यांत उकिरडा मुरलेला आहे, त्यांनीं त्यांतील गाडीभर खत ह्या कामास द्यावें. एका गाडीच्या खतांत पुष्कळ डबे भरतात.

तिसरी सर्वांकरितां. बियाणें ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत, धान्याच्या वांटपाबरोबर व धान्य न तोडतां, द्यावें. घरांत ज्वारी असेल तरच बियाणें मातींत जाईल, नाहीं तर तें चुलीवर जाईल. आणि गेलें तर त्या घरास बोल लावूं नये, ज्वारी कमी पडली असें समजावें.

शेवटीं एक सूचना, आणि ती लेखकाच्या अनुभवाची आहे. डबे वांटण्यास वर्गणी देणाऱ्या गृहस्थानें त्याच हिवाळ्यांत आपल्या गच्चीवर एक डबा स्वतःच्या हातानें लावावा. तीन महिने पाणी घालून जेव्हां अर्धा किलो बटाटे हातीं येतील, तेव्हां त्यास दोन गोष्टी कळतील : हें काम किती लहान आहे, आणि तें नीट करावयास किती लक्ष द्यावें लागतें. त्या ज्ञानानंतर दिलेली देणगी योग्य वेळीं व योग्य मापानें दिली जाईल, असा भरंवसा वाटतो.

येणेंप्रमाणें निवेदन आहे. ह्यांत जें चुकलें असेल तें जाणत्या शेतकऱ्यांनीं कळवावें. तें पुढील अहवालांत आनंदानें नमूद करण्यांत येईल.